फटींचा हिशेब

टॅलिनच्या पूर्वेला, लास्नामाएमध्ये,
नऊ मजली इमारतीसमोर मी उभी आहे.
जानेवारी, पहाटेचे सहा, उणे सतरा.
हातात उष्णता बघणारा कॅमेरा,
नाकपुड्यांत श्वास गोठल्याचा बारीक चावा.

पडद्यावर इमारत निळी.
गेल्या जानेवारीत हीच भिंत
कढईच्या बुडासारखी तांबडी होती.
जोड न् जोड गळत होता,
आतली ऊब रस्त्यावर सांडत होती
आणि बिलं मात्र बिनचूक घरी येत होती.
मग उन्हाळ्यात आम्ही तिला गोधडी घातली:
वीस सेंटीमीटर दगडी लोकर,
वर राखाडी गिलावा,
तीन काचांच्या खिडक्या.
माझ्या अहवालात 'शाश्वत' हा शब्द अकरा वेळा येतो.
त्याची मुदतही दिली आहे तळटीपेत:
चाळीस वर्षे.
आणि 'फटी' या रकान्यापुढे शून्य.
शून्य लिहायला मला आवडतं.
आवडायचं, म्हणू या.

काम सुरू होण्याआधीची ती सभा.
शाळेच्या जिमखान्यात, बुटक्या बाकांवर
गुडघे छातीशी घेऊन बसलेली माणसं.
अध्यक्ष वाल्दुर कर्जाचे हप्ते वाचत होते.
मागून फाइना आर्तेमोव्ना उठली.
"यातलं निम्मं काँक्रीट माझ्या क्रेननं वर चढवलंय.
एकोणऐंशी साली.
आठव्या मजल्यावर, डावीकडच्या जोडात
दोन बोटं फट राहिली, शुक्रवार होता, घाई होती.
ती फट माझी.
तिच्यात दर मे महिन्यात पाकोळ्या येतात.
आफ्रिकेतून येतात, थेट त्या फटीत.
त्यांचं काय करणार?"

वाल्दुरनी विषयपत्रिका उलटून पाहिली.
कुणीतरी खुदकन हसलं.
मी उठून उष्णतेच्या गळतीचे आकडे सांगितले,
मोठ्या अक्षरांत, तक्त्यासकट.
ती म्हणाली, "मला गणित नको सांगूस, पोरी.
बावीस वर्षं मी गणितालाच टांगलेली होते.
चाळीस मीटरवर."

ठराव मंजूर झाला. एक मत विरोधात.

आता या निळ्या भिंतीवर
एकच लाल ठिपका.
आठवा मजला, डावीकडून चौथी खिडकी.
दोष असेल, मला वाटलं, रबर फाटलं असेल.
मी वर गेले.

खिडकी हातभर उघडी.
"फार गप्प झालंय गं," ती म्हणाली.
"पूर्वी वारा शिट्टी घालायचा तेव्हा कळायचं, कुठल्या दिशेचा.
बर्फ खरवडणारी गाडी यायची तेव्हा कळायचं, पाच वाजले.
आता झोपले की वाटतं
मला कुणी कापसात गुंडाळून पेटीत ठेवलंय."

खिडकीबाहेर, कठड्याच्या कडेला
सात लाकडी खोकी.
आम्ही काढून फेकलेल्या जुन्या चौकटींची लाकडं,
एका खोक्यावर अजून पांढऱ्या रंगाचे पोपडे.
प्रत्येकाला एक आडवं भोक.
दोन बोटं.

येतील का त्या इथे?
तिलाही माहीत नाही.
पाकोळी जुनी जागा सोडत नाही म्हणतात;
भिंतीवर धडका देत राहते,
जिथे दार होतं तिथे.
हे मी कुठे लिहायचं? कुठल्या रकान्यात?
किती वॅट?

"वाऱ्यानं शेवटचं सैल झालंय," ती म्हणाली,
"जरा खालून धर."
मी हातमोजे काढले.
सत्त्याहत्तर वर्षांची बाई
आठव्या मजल्यावर कमरेपर्यंत बाहेर वाकली
आणि शिवी देऊन स्क्रू पिळू लागली.
माझी बोटं लाकडाला चिकटत होती.

कॅमेरा टेबलावर चालूच राहिला होता.
त्याच्या पडद्यात
चहाची किटली, खिडकीतून पळणारी ऊब
आणि तिची पाठ.
सगळं लाल.